आप्पांच्या सीडीला विभूती

लिहून ठेवा, दोनशे बारा सीडी मी एका रविवारात पेनड्राइव्हमध्ये भरणार होतो! भरल्याही असत्या. पण आमच्या घरातली माणसं!

आईला त्यातली एकच हवी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाच वर्षांपूर्वी गेले. आमच्या लेकीच्या, काव्याच्या बारशाला त्यांनी वचन, म्हणजे आम्हा लिंगायतांचं भक्तिपद, म्हटलं होतं, त्याची सीडी. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. आणि नेमकी तीच अशी ओरखडलेली, की मांजराने नखं तिच्यावरच घासली असावीत.

"मृत्युंजया, आप्पांची आधी कर की!"

"ती शेवटी!" मी ठणकावलं. "आधी बाकीच्यांवर हात बसू दे. यात पद्धत असते, आई!"

पद्धत होतीच! झालेल्या सीडीवर खूण हवी. मार्कर वाळून गेलेला. मग देवघरातली विभूती ओली केली आणि झालेल्या प्रत्येक सीडीवर तीन बोटं ओढली. विभूती असेल ती झाली, नसेल ती राहिली. यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा!

प्रत्येक सीडी सदतीस टक्क्यांवर अडायची. टूथपेस्ट चोळायची, पुसायची, पुन्हा घालायची. दुपारपर्यंत ट्यूब संपली.

"उद्या दात सीडीनं घासायचे का?" माझी बायको चंद्रिका म्हणाली.

तेवढ्यात जेऊरहून तिचा भाऊ विरेश आला.

"दाजी, ज्वारी हुरड्यात आलीया, पाखरं लई झालीत. झालेल्या सीडी द्या की, शेतात टांगतो. चमकल्या की पळत्यात."

"विभूतीच्या तेवढ्या ने. बाकीच्यांना हात लावलास तर याद राख!"

तो पोतं भरून गेला. संध्याकाळी मी शेवटची, आप्पांची सीडी घ्यायला गेलो, तर जागा रिकामी!

"आई! आप्पांची सीडी कुठाय?"

"त्या झालेल्या ढिगात ठेवली की. सगळ्यास्नी विभूती लावलीस आणि आप्पांचंच कपाळ मोकळं? जन्मात कधी विभूतीबिगर राहिले न्हाईत ते! मी लावली."

"अगं, ती खूण होती!"

"विभूतीची कुणी खूण करतंय व्हय?"

म्हणजे चूक माझी! संताप संताप झाला.

सकाळी रजा टाकून, टेंभुर्णीमार्गे फटफटी दामटत जेऊर गाठलं. शेतात सीडी गरगरत होत्या आणि पाखरं खाली निवांत ज्वारी टिपत होती. एक चिमणी तर सीडीच्या दोरीवर झोका घेत होती!

"भेत न्हाईत दाजी," विरेश मलाच म्हणाला. "जुन्या सीडी दिल्यासा की."

मी दात ओठ खात एकेक सीडी उलटून पाहिली. एकशे एकोणतिसाव्या सीडीवर आप्पांच्या अक्षरात होतं, 'काव्याचं बारसं'. डोळे भरून आले. तेही रागानेच!

घरी सगळे लॅपटॉपभोवती जमले. आई हात जोडून बसली. सदतीस टक्के. अडली! चंद्रिकाने सीडी काढली, ओढणीने हलकेच पुसली, परत घातली. अडतीस. साठ. शंभर!

आप्पांचं वचन आलं. जरा खरखरत, पण आलं. ते संपलं आणि मागोमाग त्यांचा खणखणीत आवाज:

"मृत्युंजया, त्या मशीनला हात लावू नगंस! मागचा टेप तूच बिघडवलास!"

आई रडली, मग हसली, मग म्हणाली, "परत लाव."

आता रोज सकाळी पूजा झाली की घरात आप्पांचं वचन लागतं आणि त्याच्या शेवटी मला दम. लावते चंद्रिका. मी बटणाकडे बोट नेलं की आई हात मागे ओढते.

"सांगितलंय ना त्यांनी!"