निळी म्हणजे तांबडी

"कागदपत्रं? अरे, मी जन्मभर पोस्ट चालवलंय! फॉर्म भरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

ग्लेनिस प्रायरनं हे वाक्य पबमध्ये सांगितलं, बेकरीत सांगितलं आणि रविवारी चर्चच्या पायरीवर पाद्र्यालाही ऐकवलं. वारबिनमध्ये तिला ग्लेनिस कुणी म्हणतच नसे. सगळ्यांची ती 'स्पीडी'. पोस्टाच्या काउंटरवरचा आपला झपाटा बघूनच गावानं हे नाव ठेवलं, असं ती स्वतःच सांगे. "माझ्यापुढची रांग थेट बेकरीपर्यंत जायची, एवढी मागणी होती मला!"

आता पेन्शनीत निघालेल्या या स्पीडीला एकच ध्यास होता. वारबिनच्या शेतकी प्रदर्शनात 'मालक-स्वार' नावाची स्पर्धा असते. आपल्या घोड्यावर आपणच बसायचं आणि जिंकलो, तर सभागृहातल्या लाकडी फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव! त्या फळ्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, व्हेरा नॉक्स. ग्लेनिसला ते बघवत नसे. त्यात डॉक्टरनं बजावलं होतं, की गुडघे याच वर्षी काय ते साथ देतील, पुढं घोडा विसरा. म्हणजे आता नाहीतर कधीच नाही!

पण घोडा होता कुठं? तिच्याकडं होता एक बहिरा कुत्रा आणि कोंबड्या. म्हणून तिनं गावातल्या टायनीची घोडी, ब्लूई, वर्षाच्या करारानं घेतली. करारानं घेतलेला घोडा स्पर्धेत आपलाच धरतात, फक्त कराराचा कागद समितीकडं द्यावा लागतो. ग्लेनिसनं तो एका बैठकीत भरला. घोडी: ब्लूई. देणारा: टायनी. घेणारी: स्पीडी. खाली दोघांच्या झोकदार सह्या. झालं काम!

प्रदर्शनाच्या सकाळी समितीच्या तंबूतून बोलावणं आलं. आत टेबलावर घोषणांचा मायक्रोफोन होता आणि टेबलामागं मिस्टर फिंच बसले होते. हे गृहस्थ नुकतेच इंग्लंडहून येऊन वारबिनात स्थायिक झालेले. समितीला कागद तपासणारा माणूस हवाच होता, तो आयता सापडला.

"बाई," फिंच म्हणाले, "मी सगळे तबेले पालथे घातले. निळसर घोडी कुठंच नाही."

"निळसर कशी असेल? ती बघा बाहेर बांधलीय!"

फिंचनी मान लांब करून पाहिलं. "ती तर विटेसारखी तांबडी आहे!"

"तांबडी आहे म्हणूनच तर ब्लूई!"

फिंचनी पेन खाली ठेवलं. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? इकडं लाल केसांच्या माणसालाही ब्लूईच म्हणतात!"

"बरं. हे टायनी कोण? त्यांना बोलवा."

टायनी आला आणि तंबूत अंधार झाला. दारातून तो वाकून, आडवा होऊन शिरला, तरी टोपी बांबूला अडकलीच.

"हे टायनी?" फिंचचा आवाज चिरकला. "हे चिमुकले?"

"मग? याच्याहून मोठा माणूस आहे का इथं?" ग्लेनिस म्हणाली. काय कटकट्या माणूस आहे!

फिंचनी घोडीचं नोंदणीचं कार्ड काढलं. "यात मालकाचं नाव आहे पर्सिव्हल हायसिंथ मोट. करार मालकानं करायला हवा. या पर्सिव्हल साहेबांची सही आणा, नाहीतर प्रवेश रद्द."

"पर्सिव्हल हायसिंथ?" ग्लेनिस खो खो हसली. "अहो, असल्या नावाचा माणूस आमच्या गावात एक दिवस टिकला नसता!"

टायनी हसला नाही. तो ब्लूईइतका तांबडा झाला होता.

एवढ्यात व्हेरा नॉक्सनं तंबूत डोकं घातलं. "मालक-स्वारमध्ये मालकच सापडेना का? अरेरे! मैदानात घोडी बोलावताहेत हं, स्पीडी."

आता मात्र ग्लेनिसच्या तोंडचं पाणी पळालं. "टायनी, कोण आहे रे हा मेला पर्सिव्हल? शोध ना त्याला! माझ्या गुडघ्यांना पुढचं वर्ष नाहीये रे!" तिचे डोळे खरंच भरून आले.

टायनीनं टोपी काढली, पिळली, परत घातली.

"मीच," तो पुटपुटला.

"काय?"

"मीच पर्सिव्हल."

"तू? पर्सिव्हल हायसिंथ मोट?"

"ओरडू नको ना, बाई! लग्नाच्या रजिस्टरवर सही करताना बायकोला पाठ करून उभं केलं होतं मी!"

बाहेर एकदम शुकशुकाट झाला. ट्रॅक्टर थांबले. मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या. मग सगळ्यांचं लक्ष टेबलावरच्या मायक्रोफोनकडं गेलं. त्याचा बारीकसा दिवा लुकलुकत होता!

मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, केकच्या टेबलामागून, टायनीच्या बायकोची हाक आली, "हायसिंऽऽथ! असा ये जरा इकडं!"

आणि अख्खं वारबिन हसायला लागलं. टायनीनं कागदावर पूर्ण नावाची सही ठोकली आणि ग्लेनिसला उचलून थेट खोगिरावर बसवलं. "आता जिंकली नाहीस, तर बघ!"

ग्लेनिस जिंकली! अशीतशी नाही, दणक्यात जिंकली! ब्लूई अशी डौलात चालली, की व्हेराचा घोडा आपला चरायला आल्यासारखा दिसू लागला. परीक्षकानं पहिल्या क्रमांकाची निळी फीत तिच्या तांबड्या मानेवर बांधली. ग्लेनिसनं एका हातानं लगाम धरला आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. एवढा आनंद तिला पोस्टात कधी झाला नव्हता.

संध्याकाळी सभागृहात सगळे जमले. रंगारी शिडीवरून उतरत होता. फळ्यावर, अर्जाबरहुकूम, चकचकीत सोनेरी अक्षरं होती: पहिली, स्पीडी प्रायर.

फिंच बिअरचा ग्लास घेऊन आनंदानं पुढं आले. "मला कळली हो तुमची रीत! उलटं नाव ठेवायचं! तांबडी ती ब्लूई, धिप्पाड तो टायनी!"

"शाबास!" ग्लेनिसनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "झालात वारबिनकर!"

"मग बाई," फिंचनी निरागसपणे विचारलं, "तुम्ही स्पीडी कशा?"

सगळं सभागृह आपापल्या बुटांकडं बघू लागलं.

"झपाटा!" ग्लेनिस म्हणाली. "माझी रांग बेकरीपर्यंत जायची... विचारा की मर्व्हला!"

बेकरीवाला मर्व्ह खाकरला. "जायची खरी. तुझ्याकडं नंबर लागेपर्यंत लोक दोनदा पाव खायचे गं. तू रिटायर झालीस आणि माझा धंदा निम्म्यावर आला!"

ग्लेनिस फळ्याकडं वळली. रंग तर वाळलाही होता, आता पुसणं नाही!

"ते 'पहिली' लिहिलंय," तिनं हळूच विचारलं, "ते तरी सरळच आहे ना रे, हायसिंथ?"