हितेंद्र लोटलीकरचा गोपनीय अहवाल

सुमेधाताई तळपद्यांनी हितेंद्र लोटलीकरबद्दल लिंक्डइनवर जे लिहिलं, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सगळी भानगड त्यामुळेच झाली.

सुमेधाताई फोर्टमधल्या एका जहाज कंपनीत आस्थापना विभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गिरगावात घरी बसून बसून त्या सुनेच्या जाण्यायेण्याच्या वेळा कॅलेंडरवर टिपू लागल्या, तेव्हा सून मनवानं स्वसंरक्षणार्थ त्यांचं लिंक्डइनवर खातं उघडून दिलं.

"आई, तुमचे जुने ऑफिसवाले इथे सापडतील. त्यांच्याशी बोला."

आठवड्यात एकोणचाळीस जण सापडले. नोकरीत असताना साध्या मेमोला चार चार दिवस उत्तर न देणारी माणसं आता मिनिटाभरात 'नमस्कार मॅडम' म्हणत होती.

त्यातलाच हितेंद्र. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेला, चिंचपोकळीला राहणारा, शेहेचाळीस वर्षांचा. पुढे त्यानं धरलेली कंपनी मार्चमध्ये बंद पडली आणि तेव्हापासून तो घरी होता. त्याचा निरोप आला, 'मॅडम, गुरुवारी परळला इंटरव्ह्यू आहे. पाच महिन्यांतला पहिलाच. दोन्ही मुली शाळेत आहेत हो. माझ्यासाठी चार ओळी रेकमेंडेशन लिहाल?'

चार ओळी कशा लिहायच्या हे सुमेधाताईंना कुणी शिकवायला नको होतं. बावीस वर्षं दर एप्रिलला त्यांनी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल लिहिला होता, लिफाफ्यात घातला होता आणि लाखेचं सील मारून वर पाठवला होता. त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं :

'श्री. लोटलीकर यांचे काम स्वच्छ. हिशेब बिनचूक. सकाळी सरासरी अठरा मिनिटे उशीर. भोजनोत्तर अर्धा तास महत्त्वाचे कागद देऊ नयेत. रागावल्यास दोन दिवस गप्प बसतात, तिसऱ्या दिवशी दुप्पट काम करतात. सचोटी संशयातीत. एकंदर शेरा : चांगला.'

मजकूर आधी हितेंद्रकडे मंजुरीला गेला. मॅडमनी लिहिलेलं आपण वाचायचं नसतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्यानं न वाचताच मंजूर केलं.

मंगळवारी सकाळी पहिला फोन आला तो अकाउंट्सच्या दीपकचा. "मॅडम, हितेंद्रचं वाचलं हो! अठरा मिनिटं? आम्ही वीस धरून चाललो होतो."

"तुम्हाला कसं दिसलं ते?"

"सगळ्यांनाच दिसतंय की!"

सुमेधाताईंनी मनवाला हाक मारली. मनवानं शेवटपर्यंत वाचलं. "आई, अहो हे काय लिहिलंत! हे अख्खं जग वाचतंय!"

"पण हा गोपनीय अहवाल आहे."

"कुठे लिहिलंय गोपनीय?"

"ते लिहावं लागत नाही. ते असतंच."

"इथे फक्त चांगलं लिहायचं असतं. पॅशनेट, डायनॅमिक, असं."

"डायनॅमिक? लोटलीकर? पंख्याचं बटण लावायला उठायचे नाहीत ते!"

इतक्यात हितेंद्रचाच फोन आला. आवाज खोल गेला होता. "मॅडम, आता वाचलं."

"लोटलीकर, मी आत्ता काढून टाकते."

"राहू दे. परळहून मेल आलाय, 'रेफरन्स वाचला, भेटीत बोलू.' आता काढलं तर लपवल्यासारखं दिसेल. आणि मॅडम, इंटरव्ह्यू दुपारी दोनला आहे."

"अरे देवा! जेवू नका त्या दिवशी."

फोन ठेवतात न ठेवतात तोच लिंक्डइनवर विनंत्यांची रांग लागली. दुपारपर्यंत चौदा. आवक-जावकच्या रुपालीनं तर सरळ फोनच केला. "मॅडम, माझाही लिहा ना! एवढी वर्षं माझ्याबद्दल लिफाफ्यात काय गेलं ते मला कधी कळलंच नाही."

"वाईट असलं तर?"

"असू दे की! नवऱ्यानं एकवीस वर्षांत चांगलं-वाईट काहीच म्हटलेलं नाही. कुणीतरी लक्ष देऊन बघत होतं, एवढं तरी कळेल."

एरवी सुमेधाताई या वाक्यावर दिवसभर विचार करत बसल्या असत्या. पण त्यांच्या डोळ्यांपुढे हितेंद्रच्या दोन मुली होत्या. गुरुवारी त्यांनी पोळीचा तुकडा मोडला नाही. सव्वादोनला फोन वाजला.

"नमस्कार, मी आकांक्षा, परळहून बोलतेय. मिस्टर लोटलीकर समोरच बसलेत, फोन स्पीकरवर आहे. तुम्ही लिहिलंय ते खरं?"

"शब्दन् शब्द."

"आमच्याकडे साठ अर्ज आलेत. सगळेच पॅशनेट आहेत. यांचं वाचून माणूस तरी कळला. एकच विचारायचंय. खोट्या रजा? आजारी म्हणून सांगून भलतीकडे जाणं?"

पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज आला. समोर कॅलेंडरवर सुनेच्या वेळा होत्या, सुमेधाताईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"माझ्या माहितीत एकही नाही."

संध्याकाळी हितेंद्र पेढे घेऊन गिरगावात हजर. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. मॅडमच्या पाया पडला, पेढा दिला, तरी उठेना. मनवा चहा टाकायला आत गेल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही आज माझ्यासाठी खोटं बोललात."

"मी? छे!"

"वानखेडेवरची मॅच. मी तापानं फणफणलोय म्हणून चिठ्ठी पाठवली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुमच्या दाराशी आलो तर तुम्ही नुसतं विचारलंत, 'ताप उतरला का?' आणि असं विचारलंत, की तुम्हाला माहीत होतं हे मला तेव्हाच कळलं. अकरा वर्षं वाट बघितली, अहवालात जाऊन वरून कधी विचारणा होतेय म्हणून. का नाही लिहिलंत?"

सुमेधाताईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक केला.

"लिहिलं असतं, तर मी कुठून पाहिलं तेही लिहावं लागलं असतं. मीसुद्धा त्या दिवशी आजारी होते, लोटलीकर. तुमच्या मागे, दोन रांगा सोडून."