मागून येणारी पावलं

मला फक्त पंखा हळू करायला सांगायचं होतं. पण मी हात वर केला तो नेमका साहेब विचारत असताना, "कॅन्सर संशोधनाला मदत म्हणून गावभर चालायचंय. आपल्या ऑफिसतर्फे कोण चालणार?" टाळ्या पडल्या. पंखा राहूनच गेला.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही? कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर काढता तुम्ही!"

आणि आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं. बायकोची मोठी बहीण, अक्का, कॅन्सरवरचे उपचार सुरू झाल्यापासून आमच्याकडेच राहत होत्या. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि त्या हसतात कशा हे तर आम्ही विसरूनच गेलो होतो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आता माघार घेण्याची सोय नव्हती.

सराव पहाटे करायचं ठरवलं, म्हणजे ओळखीचं कुणी बघायला नको. (कोपऱ्यावर आधी माझं पोट वळतं, मग मी.) आमच्या घरामागून एक रस्ता तळ्याकडे जातो. एका बाजूला बंद पडलेल्या कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी. त्या दिवसांत धुकं असं दाट, की स्वतःचे बूट दिसेनात. (ते एरवीही दिसत नाहीत. कारण वर दिलंच आहे.)

पहिल्याच दिवशी, भिंतीच्या मध्यावर, मागून पावलं ऐकू आली. मी थांबलो. तीही थांबली. पण लगेच नाही. एक पाऊल जास्तीचं पडलं, मग थांबली.

"कोण आहे?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण लहानपणीचा.

मी निघालो, पावलंही निघाली. त्यानंतर मी ज्या वेगाने चाललो त्याला लोक पळणं म्हणतात.

"अरे वा, लवकर आलात! दम वाढलाय तुमचा," बायको म्हणाली.

"वाढला नाही, लागलाय."

मग हे रोजचंच झालं. धीर यावा म्हणून मी मोठ्याने पाढे म्हणत चालू लागलो. तेराच्या पाढ्यावर मी अडलो, की मागची पावलंही अडायची.

एके दिवशी परत येऊन आंघोळ केली, बाहेर आलो, तर हॉलच्या फरशीवर ओल्या बुटांचे ठसे. माझे बाथरूमपर्यंत गेलेले. त्यांच्या शेजारी दुसरे, अरुंद, लहान. दारातून हॉलच्या मध्यापर्यंत आलेले, आणि तिथेच संपलेले. पुढे फरशी कोरडी.

"हे कुणाचे?"

"तुमचेच. पुसून घ्या आता."

"माझे पाय एवढे लहान?"

"चालून झिजले असतील."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, आज मागे वळायचं. कारखान्याच्या फाटकाच्या खांबाआड उभा राहिलो. पावलं जवळ आली. धुक्यातून एक पांढरी आकृती निघाली. डोक्यावर एक केस नाही. आणि डोळ्यांच्या खाली चेहराच नाही.

मी किंचाळलो. तीही किंचाळली.

"भावजी! अहो, मी आहे मी!" अक्कांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला, अंगावरची पांढरी शाल सावरली.

"अक्का, तुम्ही इथे?"

"हळू बोला! धाकटीला कळलं तर कोंडून ठेवेल मला. डॉक्टर म्हणाले झेपेल तेवढं चाला, पण ती ऐकेल तर शपथ. भावजी, माझ्या आजारासाठी तुम्ही चालायचं आणि मी खिडकीत बसून बघायचं? म्हणून येते. आवाज नको म्हणून हॉलमध्ये बूट हातात घेते आणि गुपचूप खोलीत शिरते."

माझ्या जिवात जीव आला. "मग आधीच सांगायचं ना! इतके दिवस माझ्या मागे चालताय..."

"इतके दिवस? मी तर कालपासून येतेय." अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "आणि लांबूनच. तुम्ही दोघं पाढे म्हणत होतात, म्हटलं मध्ये कशाला जा. ते दुसरे गृहस्थ कोण हो?"

आम्ही तडक घराकडे निघालो. घर येईपर्यंत दोघांनी एकमेकांचा हात सोडला नाही, आणि घरात शिरताना बायको दारातच उभी होती. ती रागावली, रडली, आणि संध्याकाळी अक्कांसाठी नवे बूट आणि लोकरीची टोपी घेऊन आली. तेव्हापासून आम्ही तिघं, दिवस चांगला वर आल्यावर, बाजाराच्या रस्त्याने चालू लागलो.

प्रत्यक्ष चालायच्या दिवशी अक्का आणि बायको अर्ध्या वाटेवरून सामील होणार होत्या, मी सुरुवातीपासून. अर्ध्या वाटेवर त्या भेटल्या तेव्हाच माझ्या पोटरीत गोळा आला. शेवटी एका खांद्याला बायको आणि एका खांद्याला अक्का, असा मी लोंबकळत पोचलो.

एक नर्सबाई धावत आल्या. मला खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं, नाडी बघितली. मग डोळे पुसत अक्कांना म्हणाल्या, "एवढे उपचार चालू असताना चाललेत हो बिचारे! घरच्यांनी फार जपा यांना."

अक्कांनी टोपी नीट केली आणि उसासा टाकला.

"जपतो हो. पण ऐकतात कुठे!"