चाळणीचं स्टेशन

वैरागडेभाऊ कोणाला नमस्कार करत नाहीत, आधी खांदा दाबून पाहतात. माझे सासरे पहिल्यांदा रायपूरला, तात्यापाऱ्यात आमच्या घरी आले, तर या शेजाऱ्यानं दारातच त्यांचा खांदा दाबला आणि जाहीर केलं, "उजवा गेला कामातून. डावा चालते अजून." सासरे अजून विचारतात, ते गृहस्थ वैद्य आहेत का?

वैद्य कसले! भनपुरीतल्या कूलरच्या कारखान्यात लाइनचे सुपरवायझर. मी तिथंच स्टोअरमध्ये असल्यामुळे हा माणूस मला घरीही भोगावा लागतो आणि दारीही. रायपूर राजधानी झालं, साहेबलोक आले, साहेबलोकांना गर्मी जास्त. कूलरला मागणी अशी वाढली की विचारू नका. आमच्या लाइनवर प्रत्येकाच्या जागेला स्टेशन म्हणतात. एक जण पत्रा जोडतो, पुढचा मोटर बसवतो, त्याच्या पुढचा जाळी. एकाचा हात अडला की बाकीचे तोंड पाहत उभे. नव्या मॅनेजरनं फर्मान काढलं, जे हळू आहेत ते काढून टाका.

पहिलं नाव निघालं बिसाहिनबाईचं. तिचे गुडघे गेले होते. भाऊ असे भडकले म्हणता! "माणूस काहून काढता साहेब? काम बदला ना!" बाईला त्यांनी स्टुलावर बसवून जाळ्यांत गवत भरायला दिलं. जड मोटरीला दोन पोट्टे लावले, जे नाहीतरी दिवसभर दंड फुगवून फिरत. लाइन धडाधड चालायला लागली आणि मॅनेजर गप्प बसला. बाईला मी विचारलं, जमते का? ती मान डोलावत म्हणाली, "हव."

पण हा माणूस लाइन कारखान्यात ठेवून येईल तर शपथ! माझ्या पुतणीच्या लग्नात पंगत बसली आणि भाऊ वाढणाऱ्यांचे खांदे दाबत सुटले. रश्श्याची बादली नवरीच्या मामाकडे होती. "मामा, तुमची कंबर नाही म्हणून राहिली," म्हणत बादली काढून घेतली आणि त्यांच्या हातात मिठाची वाटी दिली. नवरीचा सख्खा मामा मिठावर! मामा जे रुसले ते जेवलेच नाहीत. पंगत मात्र भराभर उठली, हे मान्य केलं पाहिजे.

यंदा भाऊंच्या स्वतःच्याच घरात लाइन अडली. वहिनींचे हात थरथरायला लागले. कपातला चहा बशीत आणि बशीतला साडीवर. बंगलोरहून मुलगा आला, प्रशांत. आईला घेऊनच जातो म्हणाला. तिकडे स्वयंपाकाला बाई आहे, "मम्मी को कुछ नहीं करना पड़ेगा."

भाऊंचा चेहराच उतरला. मला म्हणाले, "काहीच नाही करन त् ती बसल्या बसल्या खचन रे बाप्पा."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर स्वयंपाकघरात लाइन लागलेली. भाऊ परातीत कणीक मळत होते. शेजारी पाटावर वहिनी, दोन्ही हातांत पिठाची चाळणी. हात थरथरत होते आणि पीठ भुरभुर, एकसारखं खाली पडत होतं.

"पाह्य प्रशांत," भाऊ छाती काढून म्हणाले, "असा हात आहे का तुह्या बंगलोरात?"

वहिनी हसत सुटल्या. "मले त् काही करावंच लागत नाही. चाळणी धरली का हात आपल्या मनानं चालते."

प्रशांत हसला नाही. "पर पापा, आप अकेले कितना करोगे?"

भाऊंचे हात परातीत थांबले. या माणसाला अडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"ती गेली त् मी कणीक कोणासाठी मळू रे?" ते म्हणाले. "मले एकट्याले हे घर नाही जमत."

मला उगाच पेपर मागायला आलो असं झालं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "मळा आता. पीठ साचलं. लाइन अडली तुमच्यापाशी."

प्रशांत उठला. हात धुऊन आला आणि पोळपाट ओढून आईजवळ बसला. "मम्मी यहीं रहेगी," तो म्हणाला. "मैं छुट्टी बढ़ा लेता हूँ. बेलने का काम मुझे दो."

भाऊंनी कणकेच्या हातानंच त्याचा खांदा दाबला. निकाल काही सांगितला नाही. हात मात्र बराच वेळ तिथंच ठेवला.