गमरे काकूंची मागची सीट

गमरे काकूंनी आयुष्यात कधी मोटरसायकल चालवलेली नाही. पण आमच्या शोरूममध्ये आलेली एकही मोटरसायकल त्यांनी तपासल्याशिवाय सोडलेली नाही, आणि तीही मागच्या सीटवर बसून.

दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या सिल्व्हर पार्कहून चालत येतात. अंगात पंजाबी ड्रेस, काखेत स्वतःचं क्रीम रंगाचं हेल्मेट. स्टँडवर लावलेल्या गाडीच्या मागच्या सीटवर चढतात, पुढच्या रिकाम्या जागेकडे जरा वाकतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "हॅलो? येतंय का ऐकू?" मग क्षणभर थांबून निकाल देतात: "लाईन क्लिअर." किंवा, "लाईन क्लिअर नाही."

काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातला ऑपरेटर अजून ड्यूटीवर आहे. भाजीवाल्याशी बोलतानाही "होल्ड करा" म्हणतात आणि पिशवीत हात घालून सुटे पैसे शोधतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघं एकदम बोलायला लागले की "क्रॉस कनेक्शन होतंय" असं म्हणून दोघांनाही गप्प करतात. एकदा मी विचारलं होतं, "काकू, तुम्ही साडीत नाही येत?" तर म्हणाल्या, "अगं शीतल, साडीत बाई गाडीवर बसत नाही. पार्सल होते."

मी या शोरूममध्ये गाड्या विकते. "मॅडम, कोई जेन्ट्स नहीं है क्या?" हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते. त्यामुळे दर गुरुवारी कुणीतरी फक्त गाडीबद्दल बोलायला येतं याचं मला बरंच वाटायचं.

आमची कंपनी जुनी. तिची 'सम्राट' ही गाडी म्हणजे बापाने चालवावी आणि मुलाने पुसावी अशी. धडधड आवाज, रुंद सीट, चाल राजेशाही. पण हल्लीच्या पोरांना ती आवडेना. म्हणून कंपनीने यंदा 'चित्ता' काढला. टाकी पुढे झुकलेली, शेपूट वर, मागची सीट वहीएवढी. पोरं यायची, चित्त्यावर बसून फोटो काढायची आणि निघून जायची.

"शीतल, इन लोगों को अभी भी पप्पा की गाडी लगती है," आमचे मॅनेजर त्रिवेदी साहेब कपाळाला हात लावून म्हणायचे. वरून निरोप आला होता, दिवाळीपर्यंत तरुण गिऱ्हाईक आलं नाही तर चित्ता इथून उचलून दुसऱ्या शोरूमला पाठवणार. आणि चित्त्याबरोबर मलाही. माझी आई इथे एकटी असते, त्यामुळे मला ती बदली अजिबात नको होती.

अशात एका गुरुवारी रोहन आणि दीपाली आले. लग्न ठरलेलं, दोघंही नोकरीला. रोहनने चित्ता पाहिला आणि त्याचे डोळेच चमकले. तो पुढे बसला. दीपाली मागे बसली आणि घसरगुंडीवरून यावी तशी त्याच्या पाठीवर आली. सावरून मागे सरकली, पुन्हा पुढे आली.

कोपऱ्यातल्या सम्राटवरून आवाज आला, "लाईन क्लिअर नाही."

रोहनने वळून पाहिलं. "काय, आंटी?"

"बाळ, ही मागून काहीतरी बोलेल ते तुला ऐकू येणार नाही. तू आडवा पडून चालवणार, ही उंचावर बसणार. मध्ये सगळा वारा."

"हेल्मेटमध्ये ब्लूटूथ असतो ना, आंटी."

"ब्लूटूथ मीही बघितलाय. त्यात नुसता आवाज येतो. माणूस येत नाही."

रोहन हसला. दीपाली हसली नाही. "आम्ही विचार करून सांगतो," म्हणाली आणि दोघं गेले.

त्रिवेदी साहेब केबिनमधून बाहेर आले ते लाल होऊनच. "ये आंटी को बोल, कल से नहीं आने का! आपला एक कस्टमर आला, तो पण घालवला!"

त्या संध्याकाळी मी काकूंच्या घरी गेले. चौथ्या मजल्यावरचा वन बीएचके, चकचकीत पुसलेला. सांगायचं काय ते मी जिन्यात तीनदा घोकलं होतं. पण काकूंनी चहा ठेवला, आणि मी विचारलं ते भलतंच. "काकू, मागून बोलता येतं की नाही, एवढंच का बघता तुम्ही?"

"मग काय बघू? इंजिन?" त्या कपात चहा ओतत म्हणाल्या. "आम्ही नायगावला राहायचो. एक खोली, माणसं सात. सासू-सासरे, दोन दीर, नणंद आणि आम्ही दोघं. नवऱ्याशी बोलायचं कुठे? रविवारी हे सम्राट काढायचे. त्यांचा एक मित्र उत्तनला राहायचा, तिथे जायचो. जाताना मी बोलायचे, येताना मीच बोलायचे. महेश व्हायचा होता ते मी यांना गाडीवर सांगितलं. ही जागा घ्यायची ते गाडीवर ठरलं. भांडलोसुद्धा गाडीवरच. घरात भांडलो तर पाच जण पंच."

"आणि काका काय बोलायचे?"

"ते?" काकू हसल्या. "ते गाडी चालवायचे."

काका जाऊन चार वर्षं झाली. मुलगा महेश हैदराबादला. सम्राट पार्किंगमध्ये गंजायला लागली तेव्हा त्यानेच ती विकली. "बरोबर केलं त्याने," काकू म्हणाल्या. "उभी गाडी बघवत नाही. मी काही रडत बसलेली नाही हां. माझं छान चाललंय."

आणि तेवढ्यात मी सांगून टाकलं. "काकू, साहेब म्हणतात, तुम्ही शोरूमला नका येऊ."

त्यांनी कप बशीवर ठेवला. "बरं," म्हणाल्या. निघताना डब्यात घालून घावणे दिले आईसाठी. त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. रविवारी मात्र रोहन आणि दीपाली आले. दीपालीने आत येताच चौफेर नजर टाकली.

"त्या आजी कुठे आहेत?"

"का?" मी विचारलं.

"लग्नानंतर आम्ही याच्याच घरी राहणार. आई-बाबा, आजी, त्याचा भाऊ. सगळे चांगले आहेत, पण दार लावलं तरी बाहेरून कुणीतरी विचारतं, चहा घेणार का. बोलायला गाडीच उरते. त्याला चित्ताच हवाय. मला त्या आजींनी पास केलेली गाडी हवीय."

त्रिवेदी साहेबांनी सगळं ऐकलं. मिनिटभर मिशी ओढली. मग मला म्हणाले, "देख क्या रही है? जा, आंटी को ले के आ. रिक्षा से."

काकू आल्या. चित्त्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला दुसरी सीट नाही का मिळत? सपाट?" मिळत होती. कंपनीच्याच यादीत होती, कुणी मागितलीच नव्हती. मेकॅनिकने ती बसवली, मागे धरायला दांडा लावला. दीपाली बसली, घसरली नाही. काकू म्हणाल्या, "आता शीतल आणि मी एक फेरी मारून येतो. उभ्या गाडीचा निकाल खरा नाही."

रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही पूर्वेहून भाईंदर पश्चिमेला आलो, बाजारातून निघालो आणि उत्तनच्या रस्त्याला लागलो. वस्ती विरळ झाली. मी वेग कमी केला. काकूंचा हात माझ्या खांद्यावर होता.

सुरुवातीला त्या मोठ्याने बोलल्या. "ऐकू येतंय?"

"येतंय!"

मग त्यांचा आवाज खाली आला. गुडघा आता बरा आहे म्हणाल्या. वरच्या मजल्यावरची गळती एकदाची थांबली. महेशचा फोन आला होता, घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय, तो सांगत नाही पण काळजीत आहे. हे सगळं त्या मला सांगतायत असं मला आधी वाटलं. मग खारट वारा लागायला लागला आणि मागून हळूच आलं, "अहो, ऐकताय ना?"

मी आरशात पाहिलं नाही. नुसतं "हं" म्हटलं.

काकू पुढे बोलत राहिल्या.

उत्तनला वाळत घातलेल्या मासळीपाशी आम्ही थांबलो. काकूंनी हेल्मेट काढलं आणि एका मावशीशी सुक्या बोंबलांवरून जोरात घासाघीस केली. चेहरा नेहमीसारखा, डोळे कोरडे. पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, "त्या पोरांना सांग, घ्या. फक्त मागे कुणी बसलं असेल तर पळवू नका म्हणावं. गाडी चांगली आहे." मग जराशाने म्हणाल्या, "तू बोलतेस छान गं गाडीवर."

मी रस्ताभर 'येतंय' आणि 'हं'पलीकडे काही बोलले नव्हते.

त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि माझ्या मागे नीट बसल्या. खांद्यावर हात आला.

"कुठपर्यंत आले होते मी?"

"महेशच्या घरमालकापर्यंत," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.