सत्तेचाळीस नंबरचा पराक्रम

"आज आपला ट्रेंट खेळला की नाही?" डोरीनने स्वयंपाकघरातूनच विचारलं आणि दारात टोपी काढणारा मर्ल हॅवरकॅम्प जागच्या जागी थबकला.

खेळला नव्हता. हायस्कूलच्या फुटबॉल संघात नाव लागलं तेव्हापासून नातवाने मैदान पाहिलं होतं ते बाकावर बसूनच. पोराची आई सैन्यात, परदेशी; पोरगा आजी-आजोबांकडे. त्यात डोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मैदानाच्या पायऱ्या चढायला बंदी. दर शुक्रवारी ती टेबलावर रेडिओ ठेवून बसायची आणि नवऱ्याच्या तोंडून नातवाचं नाव कधी येतंय याची वाट पाहायची. कारण टॅलो क्रीक गावच्या रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा माणूस तिचाच नवरा होता.

"पुढच्या शुक्रवारी नक्की खेळेल," मर्ल म्हणाला.

डोरीनने चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचा वाडगा आणि दालचिनीचा गोड रोल त्याच्यापुढे ठेवला आणि टेबलावरचा रेडिओ उचलून फळीवर ठेवून दिला. रोल काही त्याच्या घशाखाली उतरेना.

आता मर्लच्या वर्णनाबद्दल सांगायचं तर निःपक्षपातीपणाचा आरोप त्याच्यावर त्याच्या शत्रूनेही केला नसता. इथला फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि छातीने जास्त खेळायचा प्रकार. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्यांना तुडवत पलीकडची रेघ गाठायची. त्यात माणूस पडायचाच. पण मर्लच्या वर्णनात टॅलो क्रीकचं पोरगं कधी पडलं नाही. "जमीनच जरा वर आली बघा तिथे!" असं तो म्हणायचा. प्रतिस्पर्ध्याने रेघ गाठली तर "वारा त्यांच्या बाजूने होता." पंचांनी विरोधात निर्णय दिला की लगेच गावातल्या चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. दुकानदार त्या जागेसाठी जास्तीचे डॉलर मोजायचा म्हणे. लोकांनाही ते आवडायचं. पडलेल्या पोरांच्या आया घरी ऐकत असतात, त्यांना कशाला खरं सांगायचं, असं मर्लचं साधं म्हणणं होतं.

पुढच्या शुक्रवारी चेंडूवर दहा-बारा पोरांचा ढीग पडला. त्या ढिगात कोण आहे हे पंचांनाही सांगता येत नव्हतं. मर्लच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातलं टेबल आलं आणि जीभ आपोआप सुटली. "आणि सगळ्यांत खाली कोण आहे पाहा! सत्तेचाळीस नंबर, ट्रेंट हॅवरकॅम्प! काय अडवलंय पठ्ठ्याने!"

ट्रेंट तेव्हा बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं झाकण चावत होता.

घरी आल्यावर डोरीनने मर्लला रोलचा मधला, सर्वांत मऊ भाग दिला. बस, तिथेच घात झाला. एक खोटं लपवायला दुसरं लागतं, पण एक खोटं गोड लागलं की तिसऱ्या-चौथ्याला निमित्तही लागत नाही. दोन शुक्रवारांत ट्रेंटने माणसं लोळवली, चेंडू हिसकावले आणि तीन-तीन जणांना चिखलातून फरफटत नेलं. मैदानावर आलेल्यांना शंका येत असे, पण मर्ल उंचावरच्या काचेच्या खोलीतून बघतो, त्याला जास्त दिसत असणार, असं म्हणून ते आपल्याच डोळ्यांना दोष देत. जिल्ह्याच्या साप्ताहिकात सामन्याची बातमी लिहिणाऱ्या बाई मुलांना जेवू घालता घालता रेडिओ ऐकून लिहायच्या. त्यांनी मथळा दिला, 'हॅवरकॅम्प पुन्हा चमकला'. मुख्य रस्त्यावरच्या खानावळीत 'ॲपल पाय'ला ट्रेंटचं नाव मिळालं.

"आजोबा, बंद करा हे!" ट्रेंट एके दिवशी रडकुंडीला आला. "खानावळीतली बाई पैसे घेत नाही. म्हणते, तू गावाची इज्जत राखलीस. मी फक्त बाक राखलाय!"

"अरे, एकदम बंद कसं करू? परवापर्यंत वाघ होतास, उद्या नावच नाही घेतलं तर लोक विचारतील ना, वाघ गेला कुठे?"

"मग मला जखमी करा."

पोरगं डोक्याने तल्लख होतं. त्या शुक्रवारी मर्लने रेडिओवर त्याचा घोटा मुरगळला. झालं, शनिवारी दुपारपर्यंत चर्चच्या बायकांनी घरी नूडल्स-चीजची सहा भांडी आणून टाकली, रविवारी पाद्रीबाबांनी सगळ्या गावाला घोट्यासाठी प्रार्थना करायला लावली, आणि डोरीन बर्फाची पिशवी घेऊन नातवाच्या पलंगाशी बसली.

"कुठला घोटा रे?"

"डावा," ट्रेंट म्हणाला. "उजवा," मर्ल त्याच वेळी म्हणाला.

डोरीनने दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही घोट्यांवर बर्फ ठेवला. सोमवारी ट्रेंट ठणठणीत बरा झाला. प्रार्थनेचा महिमा म्हणून त्याची ख्याती आणखी वाढली.

तशात बाद फेरीचा सामना शेजारच्या ग्रँट्सबरो गावाशी ठरला. आणि गुरुवारी सकाळी डोरीन म्हणाली, "डॉक्टरांनी परवानगी दिलीय. आपला पिकअप ट्रक मैदानाच्या कुंपणाला लावून ठेव. मी आतूनच बघेन. रेडिओही लावेन. एकदा तरी पोराला या डोळ्यांनी खेळताना पाहू दे."

मर्लच्या पायाखालची जमीन खरोखरच जरा वर आली. कुंपणाला ट्रक लावायची जागा गावात आदल्या दिवशीच धरावी लागते आणि आपल्या पोरांनी रेघ गाठली की सगळ्यांनी मिळून भोंगे वाजवायचे असतात. त्याने मुद्दाम उशीर करून पाहिला, पण ट्रेंटच्या आजीसाठी म्हणून लोकांनी अगदी मधली, सर्वांत चांगली जागा राखून ठेवली होती. मर्लने ट्रक लावला आणि तडक प्रशिक्षक ड्वेन प्रुइटला गाठलं.

"ड्वेन, एक उपकार कर. ट्रेंटला एकदाच आत पाठव. एकच डाव."

"मर्लकाका, तुमच्या पाया पडतो," ड्वेन कळवळला. "पेट्रोल भरायला गेलो तरी लोक विचारतात, हॅवरकॅम्पला चेंडू का देत नाहीस? गुणी पोरगा आहे हो, पण घाबरला की पोटाशी हात धरून कमरेत वाकतो आणि जिकडे तोंड असेल तिकडे पळतो. बाद फेरी आहे. नाही जमायचं."

शुक्रवारी संध्याकाळी मर्ल काचेच्या खोलीत जाऊन बसला. समोर कुंपणाशी त्याचा ट्रक. आत डोरीन, मांडीवर घोंगडी, डोळ्यांना दुर्बीण. आता खोटं बोलावं तर ती बघतेय, खरं बोलावं तर इतके शुक्रवार ती काय ऐकत होती? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आजच्याइतकी बायकोची भीती त्याला कधी वाटली नव्हती. सामन्याच्या चार भागांपैकी तीन संपेपर्यंत त्याने ट्रेंटचं नावच घेतलं नाही. डोरीनची दुर्बीण मात्र बाकावरून हलत नव्हती.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. ग्रँट्सबरोचा प्रशिक्षक दोन गावांच्या सीमेवरच्या टेकडीवर गाडी लावून आठवड्यामागून आठवडे मर्लचं वर्णन ऐकत आला होता. त्याने आपल्या पोरांना एकच मंत्र दिला होता: सत्तेचाळीसला सांभाळा. आजही त्याचा मदतनीस कानाला रेडिओ लावून बसला होता.

शेवटचे काही सेकंद उरले. टॅलो क्रीक चार गुणांनी मागे, आणि रेघ गाठली की सहा गुण मिळतात. तेवढ्यात आपल्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला. ड्वेनने बाकावर नजर टाकली. धडधाकट असा एकच उरला होता. ड्वेनने आकाशाकडे पाहिलं आणि ट्रेंटला आत ढकललं.

"सत्तेचाळीस! सत्तेचाळीस आला!" ग्रँट्सबरोच्या बाकावर एकच कल्ला झाला. त्यांची तीन आडदांड पोरं येऊन ट्रेंटसमोर उभी राहिली. ट्रेंट घाबरला. घाबरला म्हणजे पोटाशी हात धरून कमरेत वाकला, आणि डाव सुरू होताच जिकडे तोंड होतं तिकडे, सरळ कुंपणाच्या दिशेने सुटला. तिघं त्याच्यामागे.

मर्ल पाहतच राहिला. चेंडू रामोन इबारा नावाच्या किडकिडीत पोराच्या हातात होता आणि त्याच्यासमोरची बाजू रिकामी झाली होती. डोरीन बघत होती. ऐकतही होती. मर्लच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा, भीतीपोटी, शुद्ध सत्य बाहेर पडलं.

"मंडळी, ट्रेंटकडे चेंडू नाही! पुन्हा सांगतो, सत्तेचाळीसकडे काहीही नाही! पोरगं नुसतंच पळतंय!"

ग्रँट्सबरोचा मदतनीस ताडकन उठला. "म्हातारा म्हणतोय त्याच्याकडे चेंडू नाही!"

"तो म्हातारा?" त्यांचा प्रशिक्षक ओरडला. "तो कधी खरं बोललाय का? चेंडू त्याच्याकडेच आहे! सगळे जा! धरा त्याला!"

उरलेलेही वळले. अख्खा ग्रँट्सबरो ट्रेंटच्या मागे धावला आणि डोरीनच्या ट्रकसमोर, कुंपणाच्या अलीकडे चिखलात त्याच्यावर कोसळला. पलीकडच्या टोकाला रामोन इबारा जवळजवळ फिरायला निघाल्यासारखा रेघ ओलांडून गेला. कुणीच मागे नाही हे पाहून त्याने शेवटी एकदा वळूनही पाहिलं.

टॅलो क्रीकने सामना जिंकला आणि मैदानाभोवतीचे सगळे भोंगे एकदम वाजले. डोरीनने भोंग्यावर ठेवलेला हात काढायलाच मर्लला खाली उतरून जावं लागलं. ट्रेंट ढिगाखालून बाहेर आला तो नखशिखान्त चिखल, पण हातपाय शाबूत, आणि तोंडभर हसत. मर्लने त्याला चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग त्याला जवळ घेऊन भर मैदानात हुंदके देऊन रडला. छातीवरचं मणभर ओझं उतरलं होतं.

पण झोप काही लागली नाही. शनिवारी सकाळी तो धुण्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. डोरीन ट्रेंटची खेळाची पांढरी पँट उजेडात धरून बघत होती. पांढरा रंग शोधावा लागत होता.

"डोरीन, मला काहीतरी कबूल करायचंय. ते रेडिओवर मी ट्रेंटबद्दल जे..."

"माहितीय."

"माहितीय? कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून," डोरीन शांतपणे म्हणाली. "त्याचे कपडे कोण धुतं रे या घरात? तू म्हणायचास, चिखलातून तीन-तीन माणसं फरफटत नेली, आणि पँट यायची ती मी दिली तशी, इस्त्रीच्या घडीसकट. साबण वाया जायचा."

मर्ल धपकन कपड्यांच्या टोपलीवर बसला. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, पोरगं बाकावर बसतं हे तुलाच सहन होत नाही. म्हटलं, बोलू दे. घरी येऊन रोल तरी चवीने खातोस."

"मी तर तुझ्यासाठी..." मर्लने कपाळावर हात मारला. तो हसायला लागला. डोरीनही हसली. किती शुक्रवारांचं जड झालेलं ते घर एकदम हलकं झालं.

"आता कानाला खडा," मर्ल डोळे पुसत म्हणाला. "यापुढे जे दिसेल तेच सांगणार. कालच्यासारखं."

डोरीनचं हसू मावळलं. "काल? काल तर तू कहर केलास, मर्ल. इतके दिवस पोराची खोटी तारीफ केलीस आणि ज्या दिवशी तो खरा खेळला त्या दिवशी म्हणे, त्याच्याकडे चेंडू नाही!"

"अगं, नव्हताच."

"मी कुंपणाला नाक लावून बसले होते. दुर्बीण होती माझ्याकडे. चांगला दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता त्याने. अकरा पोरं काय उगीच मागे लागतात का कुणाच्या? जगाची पोरं तुला दिसतात आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी पक्षपात!"

मर्लने तोंड उघडलं. पँटकडे पाहिलं. डोरीनकडे पाहिलं. तिने पँट साबणाच्या पाण्यात न घालता दोरीवर तशीच, चिखलासकट, मधोमध वाळत घातली होती, आणि दोन पावलं मागे सरून ती बघत होती.

"खरंय तुझं," तो म्हणाला. "उंचावरून मला नीट दिसलं नसेल."

"तेच म्हणते मी," डोरीन म्हणाली. "त्या चष्म्याच्या दुकानात एकदा जाऊन ये."