वाफवलेले अभिप्राय

"चार वाजता मी स्वतः येतो. मुलांचे अभिप्राय तयार ठेवा. चांगले असतील तर विषय पुढच्या वर्षी चालू, नाहीतर बंद," असं प्राचार्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा जीवशास्त्राच्या मॅडमना चक्क आनंद झाला. वाईट अभिप्राय येतीलच कसे? तीन वर्षं खपून त्यांनी हा विषय उभा केला होता. त्याला पुस्तक नव्हतं की ठरलेले प्रयोग नव्हते. मुलांनी कुठूनही चमचाभर माती आणायची, तिच्यातले जंतू वाढवायचे आणि ते काय उद्योग करतात ते शोधून काढायचं. उत्तर मुलांना ठाऊक नसे आणि मॅडमनाही. प्राचार्यांना खटकत होतं ते नेमकं हेच. शिकवणारालाच उत्तर माहीत नाही, तर पेपर तपासायचा कसा, असा त्यांचा साधा सवाल होता.

मॅडमनी अभिप्राय घेण्याचाही प्रयोगच करून टाकला. कोणी काय लिहिलं ते शाईवरून कळू नये म्हणून सव्वीस मुलांना एकसारखी सव्वीस निळी पेनं वाटली. नावं लिहू दिली नाहीत. स्वतः मुलांकडे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कागद गोळा करायला खोकं काही सापडेना, म्हणून लॅबमधली एक जाड नारिंगी पिशवी फिरवली. तिच्या तोंडाला गाठ मारली, ती टेबलावर ठेवली, आणि आता प्राचार्यांसमोरच उघडायची असं म्हणत त्या पुढच्या तासाला आणि मग चहाला गेल्या.

पावणेचारला परतल्या तर टेबल रिकामं.

"काका, इथली पिशवी?" त्यांनी लॅब सांभाळणाऱ्या काकांना विचारलं.

"घातली की आत. झालीसुद्धा."

काकांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे वापरलेल्या सामानातले जंतू वाफेने मारणारं यंत्र प्रेशर कुकरच्या थोरल्या भावासारखं फुसफुसत होतं.

"अहो, पण मला न विचारता?"

काकांनी तेच बोट भिंतीकडे वळवलं. तिथे मॅडमच्याच अक्षरात पाटी होती : 'नारिंगी पिशवी दिसली की विचारत बसू नये. लगेच यंत्रात घालावी.'

"'लगेच'खाली दोन रेघा तुम्हीच ओढल्यात," काका अभिमानाने म्हणाले.

पिशवी उघडली तेव्हा मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. कागद शाबूत होते, ओले आणि गरम होते, पण त्यांच्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. सगळीकडे नुसता फिकट निळा रंग पसरला होता. आपापल्या बश्यांतले जंतू किती वाढले ते पाहायला थांबलेली मुलं धावत आली.

"मी नवे कागद देते. पटापट पुन्हा लिहा!" मॅडम गयावया करू लागल्या.

"नाही चालणार मॅडम," एकजण गंभीरपणे म्हणाला. "आमचं मधे एकमेकांशी बोलणं झालंय. आता जे लिहू ते पहिल्यासारखं राहणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. इतकं चांगलं शिकवायची काय गरज होती, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"एक वाचलाय!" तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. एका कागदावरची अक्षरं ठणठणीत होती, कारण ती पेन्सिलीने लिहिली होती. सगळ्या वर्गाने एकदम एकाच मुलीकडे पाहिलं. तिला सगळे 'उत्तरपत्रिका' म्हणत, कारण ती रोज विचारायची, "पण मॅडम, बरोबर उत्तर काय?" चुकलं तर खोडता यावं म्हणून ती सगळं पेन्सिलीने लिही. मॅडमनी घाईने हात पुढे केला. पण कागद त्यांच्या हाती लागायच्या आतच दारातून आलेल्या प्राचार्यांनी तो उचलला आणि मोठ्याने वाचला :

"'या विषयात उत्तर कधीच मिळत नाही. काही विचारलं की मॅडम उलट आपल्यालाच विचारतात, तुला काय वाटतं? मग घरी जेवतानाही डोक्यात तेच चालू राहतं. आई वैतागली आहे.'" त्यांनी चष्मा काढला. "बाकीचे पंचवीस कुठे आहेत?"

"वाफवले," काका म्हणाले.

मॅडम खुलासा करू लागल्या, पण ऐकायला होतं कोण? मुलांनी टेबलाला गराडा घातला होता. पेन्सिल टिकली ती का? मग खडू टिकेल? मार्कर? सगळ्यात मोठा आवाज होता उत्तरपत्रिकेचा. "एकेक करून नाही, सगळं एकाच कागदावर लिहा! आणि अर्धा कागद बाहेर ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?" कॉलेज सुटल्याची घंटा झाली. एकानेही मान वर केली नाही.

"सर, तुमचं पेन द्या ना," तिने वळून हात पुढे केला.

"हे? हे सहीचं पेन आहे," प्राचार्य चपापले. "भारी शाई आहे. हिला काही होणार नाही."

"बघूया!"

प्राचार्यांनी कागदावर झोकात सही केली. यंत्राचं झाकण बंद झालं. तासभर थांबावं लागेल असं काकांनी सांगितलं, तेव्हा प्राचार्यांनी शिपायाकरवी निरोप धाडला की साडेचारची बैठक उद्यावर गेली. मग ते स्टूल ओढून यंत्राच्या काट्यासमोर बसले. दर पाच मिनिटांनी विचारत, "झालं का हो?"

कागद बाहेर आला तेव्हा सगळी डोकी एकमेकांवर आपटली. खडू गेला होता. मार्कर अर्धामुर्धा होता. पेन्सिल जशीच्या तशी होती. आणि प्राचार्यांच्या सहीच्या जागी निळं डबकं उरलं होतं.

"अरेच्चा!" प्राचार्य उठून उभेच राहिले. "असं कसं? आणि मार्कर अर्धाच का गेला?"

"तुम्हाला काय वाटतं?" सवयीप्रमाणे मॅडमच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

प्राचार्यांनी डबक्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी खिशातून विषयाच्या मंजुरीचा अर्ज काढला, उत्तरपत्रिकेच्या हातातली पेन्सिल घेतली आणि 'पुढील वर्षी चालू ठेवावा' असं लिहून खाली सही ठोकली. मॅडमचा जीव भांड्यात पडला.

उत्तरपत्रिका मात्र कपाळाला आठ्या घालून अर्जाकडे पाहत होती.

"पण सर, पेन्सिलीची सही ऑफिसात चालते?"

प्राचार्य दारापर्यंत पोचले होते. ते थांबले आणि वळले.

"तुला काय वाटतं?"